त्रेसष्ट बसलेले, एक राबतोय

गेल्या वर्षी मे महिन्यात माझी भाची ऐरोलीला माझ्याकडे राहायला आली, ती प्रोजेक्ट संपवायला. नवी मुंबईतल्याच एका कॉलेजात ती बायोइन्फर्मेटिक्समध्ये एम.एस्सी. करत होती. सार्वजनिक संग्रहातून उतरवून घेतलेला एका माणसाचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर, त्याचे तुकडे संदर्भ जीनोमशी जुळवायचे आणि फरक शोधायचे, एवढंच काम. कॉलेजच्या सर्व्हरवर रन लावून पाच दिवस झाले होते आणि तो संपायचं नाव घेत नव्हता. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती लॅपटॉप उघडायची, बघायची आणि मिटायची.

"मावशी, सर्व्हरच स्लो आहे गं. सर म्हणतात, पुढच्या ग्रँटमध्ये जीपीयूवाला मागवू."

जीपीयू म्हणजे एकाच वेळी हजारो छोटी गणितं करणारी चिप. ठाणे-बेलापूर रोडवर अठरा वर्षं मी सर्व्हर सांभाळायचंच काम करते, त्यामुळे हात शिवशिवले. तिच्याकडून लॉगिन घेतलं आणि कुठला कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला गणित करणारा भाग, किती राबतोय ते दाखवणारी स्क्रीन उघडली. चौसष्ट कोअरचं यंत्र, म्हणजे चौसष्ट पट्ट्या. त्यातली एक काठोकाठ भरलेली आणि उरलेल्या त्रेसष्ट कोऱ्या. एक जण घाम गाळतोय आणि त्रेसष्ट जण पारावर बसून बघतायत, तेही पाच दिवस.

कारण अगदीच किरकोळ. जुळवणीसाठी ती वापरत होती तो बीडब्ल्यूए नावाचा प्रोग्राम. किती थ्रेड, म्हणजे एकेका कोअरवर चालणारे कामाचे किती धागे, वापरायचे हे त्याला आज्ञेतच सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो एकच धरतो. हिने ती आज्ञा सीनियरच्या वहीतून उतरवली होती, सीनियरने त्याच्या सीनियरच्या. आज्ञेत मोजून पाच अक्षरं वाढवली, रात्री जेवायच्या आधी रन पुन्हा लावला, आणि सकाळी उठलो तर तो संपून बसला होता.

हा किस्सा ऑफिसात सांगितला की लोक हसतात. मला त्यात आपल्या सगळ्या कारभाराचं चित्र दिसतं. जीवशास्त्रासाठी मोठ्या संगणकांची गोष्ट आपल्याकडे यंत्रापाशी सुरू होते आणि यंत्रापाशीच संपते. किती पेटाफ्लॉप (हे संगणकाच्या वेगाचं माप), जगात कितवा नंबर, फीत कुणी कापली. माझं म्हणणं असं की यंत्र हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. निविदा काढली, पैसे भरले, की ट्रकमधून येतं. येत नाही तो माणूस. जीवशास्त्रवाल्याचा प्रश्न ज्याला कळतो आणि यंत्राच्या पोटात काय चाललंय तेही कळतं, असा मधला माणूस. त्याच्यासाठी आपल्या सार्वजनिक संस्थांमध्ये धड पदसुद्धा नाही. सरकारी पैसा आधी तिथे जायला हवा आणि यंत्राकडे त्यानंतर.

मुळात जीवशास्त्राला एवढं यंत्रबळ लागतं कशाला, हे आधी बघू. माणसाचा जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. वाचणारं यंत्र तो सलग वाचत नाही. साधारण १५० अक्षरांचे तुकडे वाचतं, आणि चूक होऊ नये म्हणून प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा. म्हणजे ६० कोटी तुकडे. एकाच दिवसाच्या पेपरच्या तीस प्रती घ्या, सगळ्यांच्या बारीक चिंध्या करून गोणीत भरा, आणि मग प्रत्येक चिंधी कुठल्या पानावरची, कुठल्या ओळीतली ते सांगा. हे काम मेथी निवडण्यासारखं आहे. माझी काडी निवडायला मला शेजारणीच्या काडीची वाट बघावी लागत नाही. दहा जणी बसल्या की दहापट लवकर. म्हणून चौसष्ट कोअर असले तर चौसष्टही जुंपता येतात.

पण सगळंच जीवशास्त्र मेथीची जुडी नाही. प्रथिनाची घडी कशी पडते, औषधाचा रेणू त्याच्या खोबणीत कसा बसतो, हे बघायला प्रत्येक अणूची हालचाल मोजतात. एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचं. एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग किंवा शंभर कोटी फेम्टोसेकंद, बघायचा तर ५० कोटी पावलं टाकावी लागतात, आणि मागचं पाऊल पडल्याशिवाय पुढचं टाकता येत नाही. ही दहीहंडी. ठाण्यात गोविंदा हजार जमले म्हणून सहावा थर पाचव्याच्या आधी लागत नाही. आणि थर लावताना प्रत्येकाला शेजारच्याचा खांदा कुठे आहे याचं भान ठेवावं लागतं. इथे कोअर वाढवले की एका मर्यादेनंतर ते मोजण्यापेक्षा एकमेकांना निरोप देण्यातच दमतात. यावर न्यूयॉर्कच्या डी. ई. शॉ रिसर्चने वेगळाच रस्ता काढला. फक्त याच कामासाठी 'अँटन' नावाचं यंत्र घडवलं आणि ५८ अमिनो आम्लांच्या एका छोट्या प्रथिनाची पूर्ण एक मिलिसेकंदाची हालचाल २०१० मध्ये प्रसिद्ध केली. 'फोल्डिंग ॲट होम' या प्रकल्पाने अगदी उलटी वाट धरली. एक लांब रन काढण्याऐवजी असंख्य छोटे रन जगभरच्या लोकांच्या घरगुती संगणकांवर वाटून दिले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यात इतके लोक आले की त्यांची एकत्रित ताकद एक्झाफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांच्या, वर गेली. तेव्हा जगातल्या एकाही सुपरकॉम्प्युटरची ती नव्हती. म्हणजे दहीहंडीचं काम त्यांनी शक्य तेवढं मेथीसारखं करून घेतलं.

आणि मेथीतसुद्धा एक गोम असते. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञांनी १९६७ मध्येच सांगून ठेवलंय की कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी तुमचा वेग ठरवतो. शंभर तासांच्या कामातले पाच तास असे असतील, तर हजार कोअर लावा नाहीतर लाख, वीसपटीच्या पुढे जाता येणार नाही. भाचीच्या दुसऱ्या रनमध्ये हेच दिसलं. कोअर चौसष्ट, पण दाबून ठेवलेली फाइल उलगडणारा प्रोग्राम एकाच थ्रेडवर चालणारा. बाकीचे पानं वाढून घेऊन बसलेले आणि वाढपी एकटा. ते सोडवायला आणखी तासभर गेला.

हे सगळं ओळखणार कोण? कुठलं काम मेथीचं, कुठलं हंडीचं, कुठे मेमरी कमी पडेल, कुठे डिस्क. जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी हे शिकावं अशी अपेक्षा करणं म्हणजे सर्जनला ऑपरेशन थिएटरचं वायरिंग करायला सांगणं. आणि माझ्यासारखीला विचाराल, तर मला कोअर दिसतात, पण त्यातून बाहेर पडलेलं उत्तर शरीराच्या दृष्टीने खरं की खोटं, ते मला कळत नाही.

मधला माणूस काय करू शकतो याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण जिम केंट यांचं. २००० साली मानवी जीनोमचा सार्वजनिक प्रकल्प आणि सेलेरा ही खासगी कंपनी यांच्यात चुरस लागली होती. सार्वजनिक प्रकल्पाकडे तुकडे होते, पण ते जोडून दाखवणारा प्रोग्राम नव्हता. केंट तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठात जीवशास्त्राचे पीएच.डी.चे विद्यार्थी. पण त्याआधी बरीच वर्षं त्यांनी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर लिहिण्यात घालवली होती. साधारण महिन्याभरात त्यांनी जोडणीचा प्रोग्राम लिहिला. टाइप करून करून मनगटं सुजायची, रात्री त्यांना बर्फ लावावा लागायचा. यंत्रं कुठली, तर पेंटियम-३ चे शंभर साधे संगणक. २२ जूनला पहिली जोडणी तयार झाली आणि चारच दिवसांनी, २६ जूनला, व्हाइट हाऊसमध्ये मसुद्याची घोषणा झाली. सेलेराकडे याहून कितीतरी तगडी यंत्रं होती. सार्वजनिक प्रकल्पाची अब्रू मात्र शंभर पीसी आणि दोन्ही भाषा येणारा एक माणूस, यांनी राखली.

आपल्याकडे यंत्रांची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये, निदान महाराष्ट्रात तरी. अमेरिकेने क्रे हा सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यात प्रोसेसर किती होते? चौसष्ट. तेव्हा तो आकडा अभिमानाचा होता. आता तेवढेच कोअर कॉलेजच्या लॅबमध्ये प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवलेले असतात. पुढे २०१५ मध्ये ४,५०० कोटींचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन आलं, पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेला 'परम ब्रह्म' मिळाला, सप्टेंबर २०२४ मध्ये तीन 'परम रुद्र' देशाला अर्पण झाले. फरिदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र आहे, दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचणाऱ्या प्रकल्पाचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये तिथूनच संशोधकांसाठी खुला झाला. मिशनच्या उद्दिष्टांत मनुष्यबळ हा शब्द होता हेही खरं, आणि प्रशिक्षणं झाली, होतात. पण आठवड्याच्या कार्यशाळेतून सर्टिफिकेट मिळतं. सोमवारी सकाळी अडलेल्या रनपाशी बसणारं माणूस त्यातून मिळत नाही.

माझ्या गॅलरीतून रबाळ्याच्या दिशेला बिनखिडक्यांच्या त्या उंच इमारती दिसतात. रात्री वारा या बाजूचा असला की यंत्रं गार ठेवणाऱ्या चिलरचा घुं घुं आवाज येतो. एकेकाळी या रस्त्यावर रसायनांचा वास यायचा, आता हा आवाज. ऐरोली, रबाळे, महापे, पलीकडे पनवेल. देशातल्या डेटा सेंटरांचा मोठा हिस्सा या पट्ट्यात आहे. त्यामुळे मित्रमंडळींत हमखास एक सूचना येते: राज्य सरकार या कंपन्यांना सवलती देतं ना, मग त्यांनी थोडे जीपीयू तास रुग्णालयांना आणि कॉलेजांना फुकट द्यावेत. ऐकायला झकास आहे. कंपन्याही आनंदाने देतील, फोटो काढतील. पण त्या तासांचं होणार काय, ते मी पाहिलंय. त्रेसष्टांऐवजी एक लाख कोअर बसून बघतील. सवलतींच्या बदल्यात काही मागायचंच असेल, तर पगार मागा. पाच वर्षांसाठी दहा माणसांचे पगार. तास काय, नंतर भाड्यानेही मिळतात.

ठाणे-नवी मुंबईला अशी माणसं हवीत कशाला, तर दोन उदाहरणं पुरेत. पहिलं, क्षय. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचं मुंबई आणि आसपासचं दुखणं जुनं आहे. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईतल्या डॉक्टरांनी जवळजवळ कुठल्याच औषधाला दाद न देणारे रुग्ण नोंदवले, तेव्हा जगभर गाजलं होतं. हा जंतू वाढतो फार सावकाश, एकाचे दोन व्हायला वीसेक तास घेतो. म्हणून त्याला प्रयोगशाळेत वाढवून, कुठलं औषध चालतंय ते बघण्यात आठवडेच्या आठवडे जातात. तोवर रुग्ण लोकलने ये-जा करत असतो. त्याचा जीनोम मात्र चिमुकला. १९९८ मध्ये पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला, जेमतेम ४४ लाख अक्षरं. कुठल्या बदलामुळे कुठलं औषध निकामी होतं त्याची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये काढली आणि २०२३ मध्ये वाढवली. म्हणजे जंतूचा नमुना वाचून झाला की उरलेलं गणित माझ्या भाचीच्या त्या 'स्लो' सर्व्हरवर मिनिटांत होईल, आणि एकाच वेळी कित्येक नमुन्यांचं होईल. निव्वळ मेथी! सुपरकॉम्प्युटरचा इथे संबंधच नाही.

मग अडतं कुठे? असल्या कामात पाच-सहा प्रोग्राम एकामागे एक जोडलेले असतात, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडात. समजा, मेमरी संपली म्हणून मधला एक गचकला. यंत्र काय म्हणेल? लिहिणाऱ्याने खास बंदोबस्त केला नसेल, तर साखळीतला शेवटचा प्रोग्राम नीट संपला म्हणून अख्खं काम यशस्वी झाल्याची नोंद होते, आणि हातात पडते एक रिकामी फाइल. रिकामी फाइल म्हणजे बदल सापडला नाही. बदल सापडला नाही म्हणजे औषध चालेल. रिपोर्टवर सही. किंवा नुसत्या नावांचा घोळ: एका फाइलमध्ये गुणसूत्राचं नाव 'सीएचआर १', दुसऱ्यात नुसतं '१'. माणसाला कळतं की दोन्ही एकच. यंत्राला काहीच जुळत नाही, आणि कुरकुर न करता तेही रिकामी फाइल देतं. कॅन्सरच्या गाठीचा जीनोम तपासतानाही हेच, फक्त तिथे गाठ आणि निरोगी पेशी असे दोन जीनोम असतात, म्हणजे घोळाला जागा दुप्पट. अशी रिकामी फाइल बघून ज्याच्या पोटात गोळा येतो, तो माझा मधला माणूस.

खाडीचं उदाहरण मी मुद्दाम दुसरं ठेवलं, कारण तिथे मात्र मोठं यंत्र लागतं हे कबूल करायला हवं. ठाणे खाडीचं रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. तिवरांच्या मुळाशी असलेल्या चिखलात काय काय जगतं, कारखान्यांच्या सांडपाण्यातलं काय कोण पचवतं, हे जाणायचं तर मूठभर चिखलातला सगळा डीएनए एकदमच वाचावा लागतो. हजार वेगवेगळे पेपर एकाच गोणीत फाडून टाकलेले, आणि त्यातले बहुतेक पेपर कधी कुणी वाचलेलेही नाहीत. जुळवायला संदर्भच नाही. तुकड्याला तुकडा लावत जायचं, आणि त्यासाठी अजस्र मेमरी एका जागी लागते. असं काम पुण्याला पाठवावं, सी-डॅककडे जीवशास्त्रासाठी वेगळी सुविधा आहेच. पण काय पाठवायचं आणि काय इथेच करायचं, हे ठरवायलाही तोच माणूस हवा.

यावर मला तीन उत्तरं हमखास मिळतात. क्लाउड आहे की, हे पहिलं. आहे ना, मीही वापरते. पण पाच दिवस एका कोअरवर रेंगाळणारा रन क्लाउडवर चौसष्ट कोअरचं भाडं लावतो, आणि रुग्णांचा डेटा कुठे ठेवायचा हा प्रश्न वेगळाच. आता एआय आज्ञा लिहून देतं, हे दुसरं. या उत्तरात तथ्य आहे. ती पाच अक्षरं आज कुठल्याही चॅटबॉटने सुचवली असती आणि मी हा लेख लिहिला नसता. पण ती रिकामी फाइल पाहून शंका घ्यायला कारण लागतं, आणि कारण त्यालाच सुचतं ज्याने शंभर रन पडताना पाहिलेत. एआयचा दाखला द्यायचाच, तर अल्फाफोल्ड घ्या. प्रथिनांच्या घड्या ओळखण्याबद्दल २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल त्यासाठी मिळालं. पण तो शिकला कशावर? १९७१ पासून सांभाळलेल्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या प्रथिन-रचनांच्या एका संग्रहावर. पन्नास वर्षं एकेक नोंद कुणीतरी तपासून, चुका काढून, नीट लावून ठेवत होतं. ती मंडळी नोबेलच्या मंचावर नसतात. नोकरीवर मात्र असावी लागतात.

तिसरं उत्तर सगळ्यात खरं आहे: एवढा पगार सरकार देणार कुठून? महाप्यातल्या कंपनीत हेच काम करणाऱ्याला मिळतो तेवढा नाहीच देता येणार. जेआरएफची, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्यांच्या फेलोशिपची, महिन्याची रक्कम २०२३ मध्ये ३१ हजारांची ३७ हजार झाली, तर केवढा आनंद झाला होता! पण माणसं केवळ पगारासाठी जात नाहीत. अकरा महिन्यांचं कंत्राट, 'प्रोजेक्ट असोसिएट' असं गोलमाल नाव, बढतीची शिडी नाही, पेपरमध्ये नाव आभाराच्या ओळीत. ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमारास या लोकांनी स्वतःसाठी एक पदनाम शोधलं, 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर', आणि विद्यापीठांकडून हळूहळू ते मान्य करून घेतलं. नाव मिळालं म्हणून जागा निघाल्या. आपल्याकडे रक्तपेढीत तंत्रज्ञाचं पद असतं, एक्स-रेला असतं. ते रिकामं राहिलं तर निदान रिकामं आहे एवढं तरी कागदावर दिसतं. या माणसाचं पदच नाही, त्यामुळे तो नसल्याची कुठे नोंदही होत नाही.

मला विचाराल तर नियम सोपा असावा. ज्या ग्रँटमध्ये सर्व्हर आहे, तिच्यात तो चालवणाऱ्याचा पाच वर्षांचा पगार असलाच पाहिजे. नसेल तर सर्व्हरही नाही. छोट्या कॉलेजांना वेगळा माणूस परवडणार नाही हे उघड आहे. मग ठाणे आणि नवी मुंबईतली पालिकांची रुग्णालयं, कॉलेजं आणि प्रयोगशाळा मिळून पाच-सहा जणांचं एक टेबल ठेवा, कायम नोकरीचं. आज खारघर, उद्या कळवा. सर्व्हर दोन वर्षं उशिरा आला तरी चालेल. जुन्यातले त्रेसष्ट कोअर तोवर कामाला लागतील, आणि नवा खरंच हवा का, ते हीच माणसं आकडे दाखवून सांगतील.

भाचीचं एम.एस्सी. झालं. शेवटच्या दोन महिन्यांत कॉलेजातल्या निम्म्या मुलांचे रन तीच लावून देत होती; ज्युनियर तिला 'थ्रेडवाली ताई' म्हणायचे. तिथेच राहायची तिची इच्छा होती. सर भले माणूस, त्यांनी खटपट केली, पण यंत्राच्या पैशातून पगार देता येत नाही असं अकाउंट्सने कळवलं. आता ती एका परदेशी विमा कंपनीच्या दाव्यांचा डेटा सांभाळते. ऑफिस महाप्यात, माझ्याच्या समोरची गल्ली. डबा आम्ही कधीकधी एकत्र खातो.

गेल्या गुरुवारी जेवताना तिला कॉलेजातून फोन आला. नवा जीपीयूवाला सर्व्हर आलाय, खोक्यातून काढलाय, पण जुन्यावरचा डेटा हलवायचाय आणि जुन्याचा पासवर्ड कुणाकडेच नाही. तिने हातातली पोळी तशीच धरून एकेक अक्षर सांगितलं, पलीकडच्या मुलीने दोनदा चुकीचं लिहून घेतलं. फोन ठेवता ठेवता हिने विचारलं, "किती थ्रेड देतेस गं?"

"कसले थ्रेड, ताई?"